पाण्याचा वास : तक्रार की इशारा?

न्याय-वैशेषिक दर्शनांत गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. पाण्याला स्वतःचा गंध नाही. म्हणूनच पाण्याला वास आला, की त्यात दुसरे काहीतरी मिसळले आहे, हे कोणाच्याही ध्यानात येते. ‘डॉक्टर, नळाच्या पाण्याला वास येतो, बाळाला द्यावे का?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला असेल. त्याचे उत्तर वास कसला आहे यावर अवलंबून आहे.

मातकट वास

पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो, त्यास कारणीभूत असणारे प्रमुख द्रव्य म्हणजे जिओस्मिन. मातीतील स्ट्रेप्टोमायसीस वर्गातील जीवाणू आणि जलाशयातील काही नील-हरित शैवाले ते तयार करतात. त्याचेच भावंड म्हणजे मेथिल-आयसोबोर्निऑल. त्याचा वास कुबट असतो. एका लिटरमध्ये सुमारे १० नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा कोटीवा भाग इतके जिओस्मिनही मानवी नाकाला कळते. तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन यांना ही द्रव्ये फारशी दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा किंवा ओझोन लागतो. या अल्प मात्रेत त्यांपासून अपाय होत असल्याचे आढळलेले नाही.

आपल्या बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलेल्या आजवा सरोवराचे आणि मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींचेही पाणी मिळते. ऊन, साचलेले पाणी आणि सांडपाण्यातून येणारे फॉस्फरस एकत्र आले, की कोणत्याही उघड्या जलाशयात शैवाल फोफावते. वाळूच्या थरातून झिरपून आलेल्या पाण्यात ही अडचण कमी असते.

तीन शहरे, तीन धडे

२०१४ च्या ९ जानेवारीस अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ, एल्क नदीच्या काठावरील टाकीतून कोळसा धुण्याचे एक रसायन गळले. हवेत ज्येष्ठमधासारखा गोडसर वास येतो, ही रहिवाशांची तक्रार हाच पहिला सुगावा ठरला. सुमारे ३ लाख लोकांना नळाचे पाणी वापरू नका, असे सांगावे लागले. येथे नाक यंत्राच्या आधी जागे झाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोलेडो येथे ईरी सरोवरातील शैवालाचे मायक्रोसिस्टिन हे यकृतास घातक विष नळाच्या पाण्यात सापडले. या विषाला वास नसतो. पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट पाणी आटून अधिक तीव्र होते. ते नाकाने नव्हे, प्रयोगशाळेने पकडले.

जानेवारी २०२० मध्ये रिओ दि जानेरोत नळाला मातकट वासाचे पाणी आले. अधिकाऱ्यांनी जिओस्मिनचे नाव घेतले. परंतु लोकांचा विश्वास उडाला आणि बाटलीबंद पाण्यावर झुंबड उडाली.

तपासणी कशी होते?

प्रशिक्षित माणसांचे मंडळ पाणी कोमट करून हुंगते. वास नाहीसा होईपर्यंत ते निर्गंध पाण्याने पातळ करीत जातात आणि त्यावरून वासाची तीव्रता ठरते. नेमके द्रव्य ओळखण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून थंड ठेवावा लागतो, अन्यथा वास उडून जातो. त्याच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखाली शैवालाची नियमित गणना झाली, तर नळाला वास येण्यापूर्वीच सूचना मिळते. भारतीय मानक १०५०० मध्ये वास व चव यांसाठी केवळ ‘स्वीकारार्ह’ एवढाच निकष आहे. त्यामुळे नागरिकांची तक्रार हेच येथे महत्त्वाचे मोजमाप ठरते.

आपले काम

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला मातकट वासापेक्षा त्यावरील उपायाची धास्ती अधिक वाटते. पालक नळाचे क्लोरीनयुक्त पाणी सोडून टँकरचे किंवा कूपनलिकेचे ‘गोड’ पाणी आणतात. त्या पाण्याला वास नसतो. पण त्यात जंतू असू शकतात. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असल्यास त्या पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधाने तान्हे मूल निळे पडू शकते, आणि उकळून नायट्रेट जात नाही. फ्लोराइडलाही वास नाही.

म्हणून पालकांना चार प्रश्न विचारावेत. वास मातीसारखा, क्लोरीनसारखा, औषधी, रॉकेलसारखा की गटाराचा? एकाच नळाला की साऱ्या गल्लीत? पाणी गढूळ झाले आहे का? घरात वा शेजारी जुलाब-उलट्या आहेत का? मातकट वास आणि स्वच्छ पाणी असेल, तर धीर द्यावा. नळाच्या टोकाशी उर्वरित क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम आहे की नाही, हे पाहून घ्यावे. गटाराचा वास आला तर ते पाणी त्याच क्षणी बंद करून महानगरपालिकेस कळवावे. रॉकेल वा रसायनाचा वास असल्यास पाणी उकळण्याचा सल्लाही देऊ नये.

एकाच गल्लीतील तीन मुले एका आठवड्यात जुलाब घेऊन आली, तर केवळ क्षारसंजीवनी व झिंक लिहून थांबू नये. पाण्याचा वास विचारावा, पत्ता नोंदवावा आणि एक दूरध्वनी करावा. चौथे मूल वाचविण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.