पावलांची यादी आणि चाचांची शुगर

रमजान जवळ आला की आमच्या शेजारचे काका दरवर्षी एकच विनोद करतात. "काय, तुमचं दीक्षित डाएट सुरू होणार ना?" सहरी आणि इफ्तार, दोनदाच जेवण, मधे काही नाही, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण त्यांच्या दोन जेवणांमध्ये पाणी, ताक, बिनसाखरेचा काळा चहा चालतो. आमच्याकडे सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही नाही, असं मी दरवर्षी सांगते आणि काका दरवर्षी "अरे बापरे" म्हणतात.

काका स्वतः डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत. दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, हा त्यांचा नेम. २०१८ च्या सुमारास "दीक्षित की दिवेकर" हा वाद आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही रंगायचा. कोणाचं बरोबर, यात मी पडत नाही. मला कुतूहल आहे ते ग्रुपचं. आधी रक्ताची तपासणी करायची, रिपोर्ट द्यायचा, मग ग्रुपवर प्रवेश. कमी जेवा आणि चाला हे तर प्रत्येक डॉक्टर सांगतो, काकांनी ते वीस वर्षं ऐकलं आणि सोडून दिलं. अनोळखी लोकांच्या कमी झालेल्या शुगरचे आकडे रोज फोनवर दिसू लागले, तेव्हा मात्र ते पहाटे मुरूडच्या किनाऱ्यावर चालायला निघाले.

माणूस माणसाकडे बघून बदलतो, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीतल्या १२,०६७ जणांची ३२ वर्षांची माहिती तपासून २००७ मध्ये दोन संशोधकांनी मांडलं की, मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. सारख्या सवयींचे लोकच एकमेकांचे मित्र होतात, मग कोणामुळे कोण, असा आक्षेप त्यावर आला. २०१७ मध्ये दुसऱ्या दोघांनी त्यातून वाट काढली ती पावसाच्या आधारे. एका शहरात पाऊस पडला की तिथला धावणारा घरी बसतो. मग दूरच्या कोरड्या शहरातला त्याचा मित्रही कमी धावतो का? धावतो. सुमारे ११ लाख लोकांच्या नोंदींतून हे दिसलं. आणखी एक गंमत दिसली. मागे असलेला पुढच्याला जास्त पळवतो, पुढचा मागच्याला तेवढा नाही. आपल्याला कोणी गाठू नये, ही ओढ मोठी असते.

आरोग्याची ॲप्स बनवणारे हीच ओढ वापरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात एका कंपनीच्या वजन जास्त असलेल्या ६०२ कर्मचाऱ्यांना पावलं मोजायला लावलं होतं. काहींना घरच्यांचा आधार, काहींना एकत्र गट, काहींना आपसात स्पर्धा. तिन्हींत चालणं वाढलं, पण प्रयोग संपल्यावरही टिकलं ते फक्त स्पर्धावाल्यांचं. म्हणून तर प्रत्येक ॲपमध्ये ती पहिला-दुसरा-तिसरा यादी असते.

आमच्या घरात ही यादी दुबईहून आली. आमच्या किनाऱ्यावर असं मुसलमान घर क्वचितच, ज्यातलं कोणी आखातात नाही. दुबईत २०१७ पासून दरवर्षी ३० दिवस रोज ३० मिनिटं व्यायामाची मोहीम असते. भाचा त्यात रमला आणि त्याने मुरूड, मुंब्रा, दुबई असं सगळं खानदान एका ॲपमध्ये घातलं. रोज दहा हजार पावलं! (हा आकडाही कोणा डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं.) पहिले दोन महिने मजा आली. भावजय रात्री अंगणात फेऱ्या मारायची, का तर मुंब्र्याच्या नणंदेपेक्षा दोनशे पावलं कमी पडली होती.

मग रमजान आला आणि भाच्याने हौसेने त्यात रोज्याचा रकाना टाकला. रोजा ठेवला की हिरवी खूण. सलग खुणांची साखळी वाढत जायची, एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्य.

आमचे चाचा सत्तरीचे, रोज इन्सुलिन घेणारे. डॉक्टरांनी त्यांना रोजे ठेवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. चौथ्या दिवशी असरच्या नमाजनंतर ते घामाने भिजले, हात थरथरायला लागले. शुगर ५८. इफ्तारला दोन तास होते आणि ते तोंड उघडायला तयार नव्हते. चाचीने रागावून साखरेचं पाणी पाजलं. सावरल्यावर म्हणाले, "सगळ्यांच्या पुढे हिरवं आहे, माझंच रिकामं कसं ठेवू?"

ही भीती नुसती आमच्या घरची नाही. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२ हजारांवर मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली. रमजानमध्ये शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण टाइप २ च्या रुग्णांत साडेसात पट, टाइप १ मध्ये जवळजवळ पाच पट झालेलं आढळलं. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असं डॉक्टर सांगतात. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवाव्यात.

आणि धर्म तरी काय सांगतो? कुरआनच्या 'बकरा' या अध्यायात जिथे रोज्याचा हुकूम आहे, तिथेच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर सवडीने ठेवायचे, ती 'कजा'. जन्मभराचा आजार असेल, तर एका रोज्यामागे एका गरजूला जेवण, तो 'फिदया'. एक रोजा राहिला म्हणून आधीचे दहा शून्य होत नाहीत. ॲपची साखळी तापात पडलेल्यालाही माफ करत नाही.

शिवाय रोजा ही न दिसणारी गोष्ट. बंद खोलीत कोणी पाणी प्यायलं तर बाहेर कोणाला कळणार? भाच्याने तीच चव्हाट्यावर मांडली. बायकांना मासिक पाळीत रोजा माफ असतो, त्या दिवसांची कजा त्या नंतर गुपचूप भरून काढतात. यादीत सलग पाच दिवस रिकामे दिसले की सासऱ्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांना कारण कळणार. रकाना काढणाऱ्याच्या हे डोक्यातच आलं नाही. पुरुषच तो!

मशिदीत तरावीहला मात्र वेगळं दिसतं. गुडघे दुखणारे खुर्चीवर बसतात, पण त्याच रांगेत, खांद्याला खांदा लावून. मागे वेगळी ओळ नाही, डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागत नाही. ॲप बनवणाऱ्यांनी ही खुर्ची एकदा येऊन बघावी. काय दिसावं आणि कोणाला दिसावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. सुट्टीचा दिवस साखळीत धरावा, कारण न विचारता. आणि शेवटच्या नंबराला रोज त्याचा नंबर कशाला दाखवायचा? आमच्या यादीत तळाला असलेले दोघे दुसऱ्याच महिन्यात ॲप काढून मोकळे झाले, आणि चालण्याची खरी गरज त्यांनाच होती.

भाच्याशी फोनवर बरंच वाजलं. स्पर्धेशिवाय कोण चालणार, हे त्याचं म्हणणं; त्या अमेरिकी प्रयोगाचा दाखला त्याच्या बाजूने आहे, हे मलाही कबूल करावं लागलं. शेवटी रोज्याचा रकाना गेला, नंबरांची यादी ज्यांना हवी त्यांच्यापुरती राहिली आणि बाकीच्यांना फक्त सगळ्या खानदानाची मिळून पावलं दिसतात.

यंदा चाचा फिदया देतात. वेळेवर जेवतात, इन्सुलिन घेतात आणि उन्हं उतरली की किनाऱ्यावर सावकाश फेरी मारून इफ्तारच्या खजुरासाठी सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसतात. काल त्यांची पावलं २,१०० भरली. शेजारच्या काकांनाही आता या ग्रुपवर यायचं आहे. या म्हटलं, पण ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटरच्या चालीने चाचांना पळवायचं नाही, ही अट आहे.