जुनी फियाट टिकते कशी?

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली. निरोपाचे लेख पुष्कळ आले. पण त्या टॅक्सीच्या जिवावर आणखी एक गाडी जगत होती. विलेपार्ल्यातल्या सोसायटीत कव्हर घालून ठेवलेली, रविवारी सकाळी बाहेर निघणारी घरची फियाट.

इंग्लंड-अमेरिकेत हौसेने जपलेली जुनी गाडी म्हणजे बहुधा एमजी नाहीतर ट्रायम्फची दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध होते आणि देशी गाडीसाठीही वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. त्यामुळे मध्यमवर्गाची हौस चार दारांच्या फियाटवरच भागली. तिच्यात चुणूक नव्हती असे मात्र नाही. इटलीत 1953 साली आलेल्या फियाट 1100 ची ‘टूरिझ्मो वेलोचे’ ही वेगवान आवृत्ती शर्यतींत उतरत असे, आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्या फियाटही पळाल्या.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या गेल्या, मग फियाटशी करार झाला. गोलमटोल 1100 ला मुंबईकरांनी ‘डुक्कर’ म्हटले. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हा सांगाडा जवळपास 2000 सालापर्यंत चालला.

सांगाडा इतकी वर्षे न बदलल्यामुळेच गाडी सांभाळणे सोपे गेले. कार्बोरेटर, सीबी पॉइंट, कंडेन्सर, प्लग या चार गोष्टी ज्याला कळतात तो मिस्त्री ती रस्त्याच्या कडेला चालू करून देतो. टॅक्सी हजारोंनी धावत होत्या, तोवर ब्रेकच्या किटपासून क्लच प्लेटपर्यंत सगळ्याला रोजचे गिऱ्हाईक होते. आता ते उरले नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगार बाजारात अजून शोध घेता येतो, पण सापडलेला भाग लागेल तेव्हासाठी आधीच घेऊन ठेवावा लागतो. त्याहून मोठी अडचण मिस्त्रीची आहे. कार्बोरेटर कानाने लावणाऱ्यांची पिढी निवृत्त होत आहे आणि नव्या मुलाला स्कॅनर लावल्याशिवाय दोष दिसत नाही.

या गाडीचा खरा शत्रू मात्र इंजिनात नाही, पत्र्यात आहे. फियाटला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा कणा. पार्ल्याचा पावसाळा आणि समुद्रावरची खारी हवा यांनी फ्लोअर आणि दाराखालचा पत्रा आतून कुजतो, वरचा रंग चकचकीत राहतो. म्हणून जुनी फियाट घेताना आधी मॅट उचलावी, बॉनेट नंतर.

पेट्रोलही बदलले. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे व्हॉल्व्हच्या सीटचे रक्षण करी. त्यामुळे इंजिन उघडाल तेव्हा कडक सीट बसवून घ्याव्यात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुने रबर फुगवते आणि हवेतली ओल ओढते. नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि गॅस्केट इथेनॉलला टिकणारी हवीत, आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल पडू देऊ नये.

मग जागा. पार्ल्यातले बंगले आणि त्यांची गॅरेजे गेली, जुन्या सोसायट्याही पुनर्विकासात चालल्या. नव्या इमारतीतला यांत्रिक पार्किंगचा पाळणा रोजच्या गाडीला ठीक. हँडब्रेक आणि तेलगळतीची खात्री नसलेल्या जुन्या गाडीला जमिनीवरचीच जागा हवी. करारावर सही करण्यापूर्वी ती लिहून घ्यावी.

शेवटी कागद. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण 5,000 रुपयांत. अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. नेहमीची नोंदणी ठेवली तर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट 2025 पासून त्याचे शुल्क 10,000 रुपये आहे. महाराष्ट्राचा हरित कर वेगळा.

हिशेबाने ‘व्हीए’ स्वस्त आहे. तरी घरच्या फियाटला नेहमीची नोंदणीच बरी, कारण उभ्या गाडीचे सील सुकतात, ब्रेक सिलिंडर जाम होतो, बॅटरी बसते. चालवणे हीच तिची देखभाल. विंटेज नोंदणी प्रदर्शनाच्या गाड्यांसाठी ठीक आहे. वापरून जपलेल्या साध्या गाडीचा विचार त्या नियमात नाही.

तुमच्या घरी आजोबांची फियाट असेल तर या दिवाळीत तिचे आरसी बुक काढून पाहा. मालक वारले असतील तर वारसाने तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव लावायचे असते. ते राहून गेले असेल, तर पॉलिशच्या आधी अंधेरी आरटीओ गाठा.