पुढच्या चाकाची खडखड अंगावर काढू नका



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते कसे होतात हे सांगायला नको. ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्या, मधेच सांडलेली उसाची मोळी, पुलाच्या तोंडाशी खचलेला भराव. त्यातून रोज जा-ये करणाऱ्या मोटारीचं पुढचं चाक एक दिवस खडखडू लागतं, आणि आपण रेडिओचा आवाज वाढवतो. मीही तेच केलं.

माझ्या लहान गाडीला डाव्या बाजूने खट्ट-खट्ट सुरू झालं. एका गॅरेजवाल्याने गाडी न उचलताच "शॉकॉप गेलेत" असं सांगितलं. दोन्ही बदलले, 7,000 रुपये गेले, आवाज तसाच. शेवटी कारखान्याच्या वाहन विभागातल्या मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, "तात्या, चाक हातात धरून कुणी हलवून बघितलं का?" कुणीच बघितलं नव्हतं! पाच मिनिटांत त्यांनी खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सैल झालेला दाखवला.

हा जॉइंट म्हणजे माणसाच्या खुब्यासारखी गोष्ट. गोल डोक्याचा पोलादी स्टड वाटीत बसवलेला, आत ग्रीस आणि वरून रबरी टोपी. त्याच्यामुळे चाक वर-खालीही होतं आणि वळतंही. टोपी फाटली की ग्रीस बाहेर जातं, पाणी आणि धूळ आत शिरते, वाटी झिजते. झिजत झिजत स्टड वाटीतून निसटला तर चाक खालून बाहेर फेकलं जातं, गाडी नाकावर बसते, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. समोरून भरलेली ट्रॉली येत असेल तर पुढचं बोलायलाच नको.

तपासणी घरी करता येते. गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी. आपल्या काळ्या रानात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी हवी. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत, आणि चाक उचलल्यावर बॉडीखाली घोडी लावल्याशिवाय हात आत घालू नये. स्टेपनी काढून बॉडीखाली सरकवून ठेवली तर उत्तमच. आता घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी हात धरून चाक आत-बाहेर हलवा. टकटक लागली तर गाडीत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष बहुधा बेअरिंगचा; तसाच राहिला तर बॉल जॉइंटवर संशय घ्यावा. मग पहारीने आर्म हळूच उचकून बघावा, जॉइंटच्या जागी हालचाल डोळ्याला दिसते. 3 आणि 9 च्या जागी हात धरून चाक हललं तर टायरॉड एंड बघावा.

मारुती 800 सारख्या लहान गाड्यांत वजन वरच्या स्ट्रटवर असतं, त्यामुळे चाक लोंबकळत ठेवून तपासलं तरी चालतं. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवरच बसते, तिथे जॅक आर्मखाली लावावा; नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. कित्येक मेकॅनिक इथेच फसतात.

आवाजावरूनही थोडं कळतं. बारीक खड्ड्यांवर खडखड, पण गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली की शांतता, तर स्टॅबिलायझरची लिंक बघा. स्टिअरिंग पुरतं वळवून ॲक्सिलरेटर दिला की कटकट होते, ती ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटची. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा ब्रेकबरोबर आर्मचे बुशही तपासावेत.

दुरुस्तीत एकच गोष्ट निक्षून सांगतो : झिजलेला जॉइंट ठोकून घट्ट करून घेऊ नका, वेल्डिंग तर नाहीच नाही. तो नवाच टाकावा. बऱ्याच लहान गाड्यांत तो आर्मसकटच मिळतो; खर्च जास्त वाटतो, पण बुशही त्याबरोबर नवे येतात. जुना स्टड निघत नाही म्हणून त्याच्या आट्यांवर घण घालू नये, पुलर लावावा. नवा बसवताना नट आणि कॉटर पिन नव्याच वापराव्यात. टायरॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवावं, म्हणजे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत तरी सरळ जाते. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावंच, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.

आणि बुशाचे बोल्ट! चाक हवेत असताना ते पुरते आवळले की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकरच फाटतं. गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावरच शेवटचा पाना द्यावा. माझ्या गाडीला मिस्त्रींनी तसंच केलं. मी मात्र तोवर "झालं का, झालं का" करत होतो.

निघालेला जॉइंट मागून आणला आहे. गोठ्याच्या खांबाला टांगलाय. झिजलेला प्ले हाताला कसा लागतो हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी खुशाल यावं, चहा मिळेल.