जठरातला जिवाणू आणि मुलांच्या आतड्यांचा दाह : सहसंबंध कसा वाचावा?

‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ हे वाक्य संख्याशास्त्राच्या पेपरात तुम्ही लिहिले असेलच. आज ते अशा उदाहरणावर तपासू, जिथे आकडे चुकीचे वाचले तर एखाद्या मुलाचे उपचार लांबतात.

आधी दोन आजार वेगळे करू. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्री आकाराचा जिवाणू जठरात राहतो. तो युरिएज हे विकर तयार करतो. त्यामुळे युरियापासून अमोनिया बनतो, भोवतीचे आम्ल सौम्य होते आणि जिवाणू तगतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थ येथे तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सरशी त्याचे नाते दाखवल्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. लागण बहुधा बालपणीच होते आणि उपचार न केल्यास वर्षानुवर्षे राहते. बहुतेकांना तिचा त्रासही जाणवत नाही.

दुसरा आजार म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह, म्हणजेच आयबीडी. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे मुख्य प्रकार. जुलाब, शौचातून रक्त, पोटदुखी ही लक्षणे मोठ्यांतही असतात. मुलांत मात्र वजन आणि उंचीही खुंटते. उंची वाढण्याची वर्षे मोजकीच असतात, म्हणून निदानाला झालेला उशीर इथे महागात पडतो.

जठरात दाह करणारा जिवाणू आतड्यांतही दाह वाढवत असेल, असे आपल्याला सहज वाटते. आकडे उलटे आहेत. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात आयबीडीच्या सुमारे २७ टक्के रुग्णांत, तर तुलनेसाठी घेतलेल्या सुमारे ४१ टक्के लोकांत हा जिवाणू आढळला. मुलांवरील अभ्यासांतही कल साधारण असाच दिसतो.

मग जिवाणू आतड्यांचे रक्षण करतो का? शक्य आहे. उंदरांवरील प्रयोगांत त्याच्यामुळे दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढलेल्या दिसतात. पण आयबीडीच्या मुलाला निदानापूर्वी आणि नंतर अनेकदा प्रतिजैविके मिळतात, आणि त्यात हा जिवाणूही मरू शकतो. स्वच्छ पाणी आणि कमी गर्दीच्या घरांत हा जिवाणू कमी पसरतो. आयबीडी नेमका अशाच समाजांत आधी वाढला.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो तुलनागटाचा प्रश्न. निरोगी मुलाची एंडोस्कोपी कोणी उगाच करत नाही. त्यामुळे तुलनागटात बहुधा पोटाच्या तक्रारीसाठी आलेलीच मुले असतात, आणि त्यांच्यात जठराची लागण जास्त असू शकते. म्हणजे रुग्णांचा आकडा कमी आहे की तुलनागटाचाच फुगलेला आहे, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही.

आता दवाखान्यात या. समजा, एखाद्या भागात निम्म्या मुलांत हा जिवाणू आहे. पोट दुखणारी १०० मुले तपासली, तर दुखण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नसला तरी सुमारे ५० रिपोर्ट पॉझिटिव्ह येतील. त्यांतल्या एका मुलाला क्रोन्स असेल आणि ‘जिवाणू सापडला’ म्हणून तपास तिथेच थांबला, तर गोळ्यांचा कोर्स संपेल, पण उंची वाढणार नाही. म्हणूनच बालरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की मुलांत तपासणीचा हेतू लक्षणांचे मूळ कारण शोधणे हा असावा, केवळ हा जिवाणू शोधणे नव्हे. वजन घटणे किंवा शौचातून रक्त जाणे अशी लक्षणे असतील, तर शौचातील कॅल्प्रोटेक्टिन तपासता येते. पांढऱ्या पेशींतून येणारे हे प्रथिन आतड्यांच्या दाहात वाढते. अर्थात साध्या जंतुसंसर्गातही ते वाढते, म्हणून पक्के निदान कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीवरच होते.

सरावासाठी : वरील अभ्यास तुम्हाला नव्याने आखायचा आहे. श्वासावरील युरिया चाचणीला एंडोस्कोपी लागत नाही, हे लक्षात घेऊन तुलनागट कसा निवडाल? आणि आधी घेतलेल्या प्रतिजैविकांची नोंद कुठल्या टप्प्यावर कराल?