चरबीचे निरोप

'माणसाच्या अंगात चरबी कशाला असते?' हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारला, तर तीन उत्तरे हमखास येतात. साठवलेली ऊर्जा, थंडीपासून बचाव आणि आतल्या अवयवांभोवती गादी. तिन्ही बरोबर आहेत. आता दुसरा प्रश्न विचारून पाहा. 'मधुमेह कोणाला होतो?' लाखांदूरसारख्या धान पिकवणाऱ्या तालुक्यात मुले बहुधा म्हणतील, 'शहरातल्या, बसून काम करणाऱ्या जाड्या माणसांना.'

हे दुसरे उत्तर अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. आपल्या देशात अंगाने बारीक दिसणाऱ्या पुष्कळांना मधुमेह होतो. 'मी कुठे जाडा आहे?' असे म्हणून ही माणसे तपासणीलाच जात नाहीत. असे का होते हे समजण्यासाठी आपल्याला पहिल्या प्रश्नाकडेच परत यावे लागते. चरबीची तीन कामे आपण सांगितली. चौथे राहून गेले.

इन्सुलिन काय सांगते?

जेवणानंतर रक्तातले ग्लुकोज वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन हे संप्रेरक बाहेर पडते. संप्रेरक म्हणजे रक्तातून जाणारा रासायनिक निरोप. इन्सुलिनचा निरोप तीन ठिकाणी पोचतो. स्नायूंना तो सांगतो, 'ग्लुकोज आत घ्या.' यकृताला सांगतो, 'नवे ग्लुकोज बनवणे थांबवा.' मेदपेशींना, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशींना सांगतो, 'साठा बाहेर सोडू नका.'

थोड्या इन्सुलिनने हे काम भागत असेल, तर शरीर इन्सुलिनला संवेदनशील आहे असे म्हणतात. तेवढ्याच कामाला जास्त इन्सुलिन लागू लागले की त्याला इन्सुलिन-रोध म्हणतात. अशा वेळी स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवून वेळ निभावून नेते. रक्तातली साखर काही वर्षे ठीक दिसते. पुढे स्वादुपिंड कमी पडू लागले की साखर वाढते. हाच टाइप-२ मधुमेह. (लहान मुलांत अनेकदा दिसणारा, इन्सुलिनच जवळजवळ बनत नाही असा टाइप-१ मधुमेह वेगळा.)

जाड्या उंदरांची गोष्ट

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मजात लठ्ठ उंदरांची एक जात सापडली. तिची माहिती १९५० साली प्रसिद्ध झाली. हे उंदीर सतत खात. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी पुढे असा एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर शस्त्रक्रियेने जोडला. एकाचे रक्त थोडेथोडे दुसऱ्यात जाऊ लागले, तसे लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले आणि वजन उतरले. साध्या उंदराच्या रक्तात 'पुरे' असे सांगणारे काहीतरी होते आणि लठ्ठ उंदरात ते नव्हते.

हे 'काहीतरी' कोठे बनते? १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक शोधले. ते काम करत होते मेदपेशींमध्ये! या संप्रेरकाला 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन असे नाव मिळाले. चरबीचा साठा किती आहे, हे चरबी स्वतःच मेंदूला कळवत होती. हेच तिचे चौथे काम.

लेप्टिन मुळीच न बनणारी माणसेही क्वचित असतात. १९९७ साली इंग्लंडमधील अशा दोन भावंडांची माहिती प्रसिद्ध झाली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो आणि तिच्या दोन वर्षांच्या चुलतभावंडाचे २९ किलो होते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर त्या मुलीचे वजन वर्षभरात १६ किलोंहून अधिक कमी झाले.

मग सर्वच लठ्ठ माणसांना लेप्टिन द्यावे का? तसे करून पाहिले, पण फारसा उपयोग झाला नाही. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असते. निरोप जातो, पण मेंदू त्याला दाद देत नाही.

चरबीचे दुसरे संप्रेरक अॅडिपोनेक्टिन. ते यकृत आणि स्नायू यांची इन्सुलिन-संवेदनशीलता वाढवते. गंमत अशी की चरबी वाढली की हे संप्रेरक वाढत नाही, उलट कमी होते. शिवाय फुगलेल्या मेदपेशींभोवती पांढऱ्या पेशी जमतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये सुटतात. तीही इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात.

चरबीच नसेल तर?

यावरून 'चरबी वाईट' असा निष्कर्ष काढावासा वाटेल. पण थोडे थांबू. काही दुर्मीळ आजारांत शरीरात चरबी जवळजवळ नसते. अशा माणसांत इन्सुलिन-रोध तीव्र असतो आणि मधुमेह होतो! चरबी नसलेल्या उंदरांमध्ये साध्या उंदराच्या चरबीचे रोपण केले, तर त्यांचा मधुमेह सुधारला.

हे कोडे आपल्याकडच्या धानाच्या ढोलीने उलगडते. ढोलीत जागा आहे तोवर धान सुरक्षित राहते. ढोली भरली, किंवा मुळात लहानच असली, तर पोती ओसरीत, माजघरात, चुलीजवळ ठेवावी लागतात आणि घरातले काम अडते. कातडीखालची चरबी ही शरीराची ढोली. ती अपुरी पडली की चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात आणि स्नायूंत साठते. तिथे ती इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही. म्हणून चरबी किती, याइतकेच ती कोठे, हेही महत्त्वाचे.

बारीक, पण चरबीयुक्त

या कथेचा एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रात घडला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्यापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास होते. बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. पण हा फरक सर्व अवयवांत सारखा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी भरले होते, चरबी मात्र बरीचशी टिकून होती. पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतले रक्त तपासले, तेव्हा वजनाच्या मानाने भारतीय बाळांत इन्सुलिन आणि लेप्टिन जास्त आढळले.

याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखेच समजत होता.

रोवणीच्या चिखलात दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक संरक्षण असते. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची फारशी वाट न पाहता ग्लुकोज आत घेतो. कष्ट कमी झाले, खाणे वाढले, की हे संरक्षण जाते. लहान ढोली मात्र तशीच राहते.

करून पाहा

आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, ती दुमडून निम्मी करा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळत नसतील, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही इशाऱ्याची रेषा मानतात. ती ओलांडली असेल, तर वजन कितीही असो, रिकाम्यापोटी रक्तातली साखर तपासून घ्यावी. घरात कोणाला मधुमेह असेल, तर सुतळी पुरली तरी तपासावी.

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतःवर आणि शिक्षक-खोलीत करावा. वर्गात मुलांच्या कमरा मोजू नयेत. जाड मूल चेष्टेचा विषय होते आणि बारीक मूल निर्धास्त. मुलांना सुतळी घरी नेऊ द्या. बाबा, आजी, काका यांच्यापैकी जो म्हणेल, 'मला कशाला, मी तर बारीक आहे', त्याच्यापासून मोजायला सुरुवात करायला सांगा.