खोकताना लघवी सुटते? सोसू नका, उपचार आहेत

वस्तीतल्या महिला बैठकीत बीपी, शुगर, गुडघेदुखीवर सगळ्या मोकळेपणाने बोलतात. पण खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते, हे कुणी सांगत नाही. ‘वय झाले’ म्हणून सोसतात आणि हळूहळू कार्यक्रमांना येणेच सोडतात.

बाळंतपण, रजोनिवृत्ती, वाढलेले वजन यांमुळे मूत्रमार्गाचा आधार सैल होतो. पहिला उपाय व्यायाम: लघवी रोखतो तसे स्नायू आवळायचे, सोडायचे. रोज, निदान 3 महिने.

तेवढ्याने भागले नाही तर इंजेक्शनचा पर्याय आहे. जागा बधिर करून, दुर्बिणीतून पाहत मूत्रमार्गाच्या भिंतीत जेल टोचतात. भिंत फुगते, मार्ग नीट मिटतो. चिरफाड नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. अमेरिकेत पॉलिअक्रिलामाइड हायड्रोजेलला 2020 मध्ये मान्यता मिळाली. मात्र शस्त्रक्रियेइतका गुण येत नाही, काहींना पुन्हा टोचून घ्यावे लागते. नंतर काही दिवस जळजळ, लघवी अडणे किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

घाईची लघवी वाटेतच सुटत असेल, तर तो आजार वेगळा, उपचारही वेगळे. म्हणून आधी तपासणी.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. एक जण बोलली की बाकीच्या बोलतील.