पत्र्याची होडी, तीन जॅकेटं

जोगलादेवीच्या बंधाऱ्यात गोदावरी काठोकाठ तुंबली आहे. अलीकडे घनसावंगी तालुका, पलीकडे बीड जिल्हा, मधल्या पाण्यावर ऑक्टोबरचं कडक ऊन. जालन्याहून आलेल्या पिकअपमधून चार पोरं होडी उतरवतायत. जालना सळयांच्या कारखान्यांचं शहर, वेल्डर ओळखीचा, मग पत्रा कापून होडीच करवून घेतलेली. वर निळा रंग, नाकाडावर ‘जय मल्हार’. गळाचे रॉड मात्र महागातले.

तेवढ्यात एक मासेमार मामा काठाला लागतात. थर्माकोलचे ठोकळे जुन्या जाळ्यात आवळलेला त्यांचा तराफा बघून पोरं हसतात.

“मामा, याच्यावर भीती नाही वाटत?”

“ह्याला भोक पडलं तर हे बुडंल का?” मामा उलट विचारतात आणि वाकून होडीच्या फळीखाली बघतात. “हितं काय घातलंय?”

“काहीच नाही.”

“मंग भरल्यावर वर ऱ्हाणार कशी?”

प्रश्न बिनतोड आहे. पत्र्याची होडी तरते ती आतल्या पोकळीवर. पाणी शिरलं की तिचा उरतो नुसता लोखंडाचा भार. ८० किलोची होडी पाण्याखाली ७० किलो तरी भरतेच. हिशेब सोपा आहे: १५ लिटरचे पाच बंद कॅन, म्हणजे जवळजवळ ७५ किलोची उचल. एक पोरगा मोटारसायकलवर धाब्यावर जातो आणि पामतेलाचे सहा रिकामे कॅन घेऊन येतो. मामा एकेक झाकण पिळून बघतात. पाच कॅन जाळ्यात गुंडाळून पुढच्या, मधल्या, मागच्या फळीखाली करकचून बांधले जातात. सगळे एकाच टोकाला बांधले असते, तर होडी उभीच लटकली असती.

आता जॅकेटं. तीन आहेत, डब्यांच्या पिशवीखाली दबलेली. लेबलावर १०० न्यूटन लिहिलंय, म्हणजे साधारण १० किलोची उचल. पाण्यात माणसाचं वजन चार-पाच किलोच्या आसपासच उरतं, तेव्हा ही उचल भरपूर. वर मानेमागची जाड कॉलर शुद्ध हरपलेल्याचंही तोंड वर ठेवायला मदत करते. पोटाशी धरलेल्या कॅनला ते जमत नाही. पण एकाने पट्टे मोकळेच सोडलेत. मामा त्याचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढतात; ते सरळ कानांपर्यंत सरकतं.

“असं झालं की तू खाली, जॅकेट वर.”

पोरगा निमूट बकलं लावतो, पायांमधला पट्टाही.

“तुमचं कुठंय, मामा?”

“जाळं ओढताना गुततंय.” कमरेची सुरी ते दाखवतात, गुंतलंच तर कापायला. मला हे काही पटत नाही. सुरीने जाळं कापता येतं, तरंगता येत नाही.

१९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यात बिनइंजिनाच्या होड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. इथे काठावर तपासायला मामाच.

“मला लागत नाही,” चौथा म्हणतो. “मी विहिरीत सूर मारतो.”

विहिरीत चार हात मारले की कडा हाताला लागते. २१ मे २०२४ ला उजनीच्या धरणात, कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळात उलटली. सात जण होते. एक पोहून काठाला आला, सहा गेले. मी हे सांगतो तेव्हा तो माझ्याकडे न बघता चपलेने चिखल उकरत राहतो.

“तीन जॅकेटं, तीन माणसं,” मामा निकाल देतात. “आन् बाराच्या आत काठाला या. दुपारून आभाळ येतंय. तुमच्या ह्या काळ्या काठ्या इजंला बोलवतेत.”

कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो हे मामांना कुणी सांगितलं, कोण जाणे.

होडी सुटते. चौथा करवादत पिकअपकडे वळतो, मसाल्याची पिशवी उचलतो. मामा त्याला हाक मारतात. उरलेल्या सहाव्या कॅनमध्ये त्यांनी तांब्याभर पाणी घालून झाकण आवळलंय, म्हणजे तो वाऱ्यावर उडायचा नाही. कानाला लांब दोरी बांधलीय.

“चूल मागून पेटव. आधी हे फेकून बघ.”

तो फेकतो. कॅन काठापासून पाच-सहा हातांवर बदकन पडतो.

“काढ,” मामा म्हणतात. “परत फेक.”